हिरवे हात आणि घमेल्यातले प्राणी

हे लिहायचं कारण अगदी साधं आहे. मी हॉस्पिटलात पडले होते तेव्हा मंदार, म्हणजे माझा नवरा, फोनवर या आजाराबद्दल शोधशोधून वाचायचा. जे सापडायचं ते एकतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं असायचं, नाहीतर वाचणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणारं. 'मला हे झालं होतं, मी आता बरी आहे, मधे असं असं झालं' एवढं सांगणारं कुणी आम्हाला भेटलं नाही. म्हणून मी सांगते. मला जीबीएस झाला होता. यात शरीराची आपलीच फौज गोंधळून आपल्याच नसांवर चालून जाते. मी आता बरी आहे. मधे असं असं झालं.

हातमोजे

सानपाड्यात आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर मी छोटा प्लेग्रुप चालवते. दोन ते चार वर्षांची मुलं, मी, आणि मदतीला खाडीकाठच्या दिवाळे गावाहून येणाऱ्या जनाताई. आमच्याकडचा मुलांचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे घमेलं. पालकांशी बोलताना मी त्याला 'सेन्सरी बिन' म्हणते, जरा वजन पडतं. पण पहिलं केलं होतं ते बांधकामावरच्या प्लास्टिकच्या घमेल्यातच, त्यामुळे नाव पडलं ते पडलं. त्यात धान्य भरायचं, हाताला निरनिराळं लागेल असं काहीबाही घालायचं, आणि वस्तू लपवायच्या. मुलांनी डोळे मिटून चाचपायचं आणि काय सापडलं ते ओळखायचं.

त्या दिवशी शेतातल्या प्राण्यांचं घमेलं करायचं होतं. मातीसाठी काळे उडीद, गोठ्यातल्या गवतासाठी नारळाचा काथ्या, तळ्यासाठी निळा साबुदाणा. हिरव्या कुरणासाठी तांदूळ रंगवायचे होते. चमचाभर व्हिनेगर, खायचा रंग, आणि मग सगळं हाताने चोळायचं, म्हणजे प्रत्येक दाण्याला रंग लागतो. गाय, म्हैस, शेळी, कोंबड्या बाजूला रांगेत उभ्या होत्या. आदल्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं आणि दोन दिवस पायांना मुंग्या येत होत्या. त्याचा दोष मी नव्या चपलांना देऊन मोकळी झाले होते.

तांदूळ चोळता चोळता मी मनात म्हणत होते, हे हातमोजे चांगले आहेत हं, काही म्हणता काही लागत नाही हाताला. तेवढ्यात जनाताई आल्या.

"मॅडम, हातमोजं घातलंच नाय तुमी! बगा, हात कसं हिरवं झालं."

मी बघितलं. हातमोज्यांचं पाकीट टेबलावर तसंच बंद पडलं होतं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पोपटी झाले होते आणि तांदळाचा एकही दाणा मला कळत नव्हता.

मी हसले. खरंच हसले. मग उठायला गेले तर उठता येईना.

"का रंगवत होतात?"

वाशीच्या एका हॉस्पिटलात मंदारने मला नेलं तेव्हा माझे पाय जवळजवळ गेले होते. पण कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरचं लक्ष पायांकडे जाईचना. तो माझे तळवे उलटसुलट करून बघत होता, नखं दाबून बघत होता.

"हे कशाने?"

"तांदूळ रंगवत होते."

"का?"

"गवत करायचं होतं. गायीसाठी."

त्याने हळूच मंदारकडे बघितलं. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मंदारने बिचाऱ्याने प्लेग्रुप, घमेलं, कुरण सगळं समजावून सांगितलं. तोवर वरचे डॉक्टरही हिरवे हात बघून गेले. पुढे बरेच दिवस त्या मजल्यावर मी 'ग्रीनवाली पेशंट' म्हणून ओळखली जात होते. रंग आठवडाभर टिकला. आमचा दुकानदार रंग चांगला देतो.

नसांच्या तपासण्या झाल्या, पाठीतलं पाणी काढलं, आणि संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसत सांगितलं की हा जीबीएस आहे. अजून काही दिवस वाढेल, मग थांबेल, मग हळूहळू उलटा फिरेल. बहुतेक लोक बरे होतात. मंदारला त्यातलं 'बरे होतात' ऐकू आलं. मला फक्त 'बहुतेक' ऐकू आलं. आमची चार वर्षांची सई त्या वेळी शेजाऱ्यांकडे वरणभात खात होती. मला एवढंच वाटत होतं की आज सकाळी निघताना मी तिला नीट जवळ घेतलं होतं की नुसतं 'चल आवर, आवर' केलं होतं. आठवेना.

ससा

या आजारात भीती श्वासाची असते. छातीचे स्नायू दमले तर नळी घालून मशीन लावावं लागतं. म्हणून आयसीयूत दिवसातून कितीतरी वेळा डॉक्टर येऊन सांगायचे, एका श्वासात आकडे म्हणा. कुठल्या आकड्याच्या खाली गेलं की मशीन, ते मी त्यांच्या बोलण्यातून ऐकलं होतं. ऐकलं आणि झालं. तो आकडा जवळ आला की माझा श्वास भीतीनेच संपायचा.

मग मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, आकड्यांच्या ऐवजी प्राणी म्हटले तर चालतील का? आमच्या प्लेग्रुपमध्ये हजेरी प्राण्यांची असते. प्रत्येक मुलाचा एक प्राणी, मुंगीपासून सुरू होऊन हत्तीपर्यंत. माझ्या तोंडात ती यादी बसलेली होती. त्या म्हणाल्या, "काहीही म्हणा, मला तुमचा श्वास किती पुरतो तेवढंच बघायचं आहे."

पहिल्या दिवशी मी हत्तीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी गायीवर थांबले. मग कुत्र्यावर. मग एका सकाळी मुंगी, बेडूक, ससा, आणि पुढे मांजर काही येईना. मांजर समोर दिसत होतं, पण तोंडाबाहेर पडत नव्हतं. डॉक्टरीणबाई मंदारला बाहेर घेऊन गेल्या. काचेतून मला तो मान हलवताना दिसत होता. मी मेले तर सईला कोण कसं सांगेल, ते मी पडल्या पडल्या ठरवत होते. ते माझ्या आईने सांगू नये, मंदारने सांगावं. आई फार रडेल.

मशीन लागलं नाही. औषधाच्या बाटल्या सलाइनमधून जात होत्या, त्यांनी कधी पकड घेतली कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही ससाच राहिला, श्वास त्याच्या मागे गेला नाही. तिसऱ्या दिवशी मांजर आलं. केरळच्या एक सिस्टर होत्या. त्या ड्युटीवर आल्या की पायाशी उभ्या राहून विचारायच्या, "आज किधर तक गया?" मी 'मुर्गा' म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी टाळी वाजवली. मी घोड्यावर पोहोचले त्या दिवशी मला आयसीयूतून बाहेर हलवलं.

आणखी एक चांगली गोष्ट सांगते. वॉर्डमधल्या एका आयाबाईंनी एके सकाळी माझे जटा झालेले केस सोडवले, तेल लावलं आणि दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी तेवढ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. हॉस्पिटलात माणूस पुन्हा माणूस होतो तो अशा कुणामुळे.

फ्रॉकचं टोक

घरी आले तेव्हा वाटलं, सुटले. वॉकर घेऊन चालत होते, जेवत होते, भांडत होते. पाय महिन्याभरात बऱ्यापैकी वळणावर आले. हात मात्र आलेच नाहीत. म्हणजे बोटं हलायची, पण जाणीव नव्हती. बघितल्याशिवाय हातात काय आहे ते कळायचं नाही. एकदा स्टीलचा कप धरून मी आरामात चहा पीत बसले होते. आई ओरडली तेव्हा कळलं की कप भाजण्याइतका गरम आहे. आई कराडहून माझ्यासाठी आली होती. त्या दिवसापासून मंदारने मला स्वयंपाकघरात यायला बंदी केली. तो माझ्यासाठी सगळंच करायला लागला. ब्रशवर पेस्ट, पोळीचे तुकडे, ड्रेसचं बटण. ऑफिसला महापेला पोहोचल्यावर तिथून तीन फोन. मी चिडायची, मग माझ्या चिडण्याची मलाच लाज वाटायची, आणि मग पुन्हा चिडायची.

पण खरा घाव वेगळाच बसला. लिफ्टकडे जाताना मी सईचा हात धरला होता. किती जोरात धरलाय ते मला कळत नव्हतं. ती कळवळून रडली. "आई, तू दाबतेस!" तिची बोटं लालभडक झाली होती.

त्यानंतर बाहेर जाताना ती हात द्यायची नाही. शहाण्यासारखं आपल्या फ्रॉकचं टोक माझ्या हातात द्यायची. "हे धर. याला दुखत नाही." ती चांगुलपणानेच वागत होती, म्हणून तर ते सहन होईना. माझ्या पोरीचा हात मला पुन्हा कधी कळणारच नाही का, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणायचे, वेळ द्या.

मग हातांच्या व्यायामासाठी एक तरुण थेरपिस्ट मिळाली. तिने तपासून झाल्यावर गंभीरपणे सांगितलं, "घरी एका पसरट भांड्यात तांदूळ घ्यायचे. त्यात छोट्या वस्तू लपवायच्या आणि न बघता शोधायच्या. रोज."

मी हसत सुटले. ती गोंधळली. मंदार म्हणाला, "अहो, ही याचीच मास्तरीण आहे."

निवडलेलं घमेलं

जनाताई तळमजल्यावरून ते अर्धवट राहिलेलं घमेलं डोक्यावर घेऊन लिफ्टने वर आल्या. येताना दिवाळ्याहून शिंपल्याही घेऊन आल्या होत्या. "चांगल्या उकलून, धुवून आनल्यात," असं शपथेवर सांगत होत्या, पण सोबत खाडीचा वास आलाच. शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं.

डोळे मिटून मी हात घातला. काही नाही. धुक्यात हात घातल्यासारखं. गाय की म्हैस सोडाच, प्राणी हाताला लागलाय की नाही हेही कळेना. जे दोन वर्षांचं पोर हसत हसत करतं, ते मला येत नव्हतं. मंदार शेजारी बसून कुजबुजायचा, "शिंगं आहेत बघ... दूध देते..."

"मंदार, तू उठ इथून."

"मदत करतोय."

"नको करूस मदत! सगळं तूच करणार आहेस का? हेही तूच ओळख!"

तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी तशीच घमेल्यात हात घालून बसले.

असे कितीतरी दिवस गेले. एके दुपारी मी झोपून उठले आणि बघते तर घमेलं घासूनपुसून बाल्कनीत पालथं घातलेलं. उडीद डब्यात. साबुदाणा दुसऱ्या डब्यात. काथ्या केराच्या टोपलीत. हिरवे तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन चादरीवर वाळत घातलेले. आणि सगळे प्राणी साबणाने आंघोळ करून खिडकीत ओळीने उभे.

आई कंबर धरून उभी होती, थकलेली पण समाधानी. "किती कचरा होता गं त्यात! काथ्या काय, शिंपल्या काय, म्हैस काय. दुपारभर निवडत बसले. तांदळाचा रंग काही जाईना बघ."

मी जे तोंड सोडलं ते सोडलं. माझा एकच इलाज होता तो तू धुऊन टाकलास, असंही म्हणाले. आई आधी ऐकून घेत होती. मग चादरीपाशी खाली बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "धान्यात घाण दिसली की माझा हात आपोआप जातो गं. आणि दुसरं मी करू तरी काय? तुझं दुखणं काही मला निवडून बाजूला काढता येत नाही."

मी तिच्याजवळ बसले, आणि आम्ही दोघींनी मिळून सगळं परत एकत्र केलं. तिने मन लावून निवडलेलं, तिच्याच हातांनी. म्हैस घालताना ती पुटपुटली, "काय बाई एकेक खेळ."

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने आपला मार्ग काढला. अन्नात बाहुल्या पुरणं तिच्या मनाला पटतच नव्हतं. ती जेवणाचे तांदूळ ताटात घ्यायची, अर्धे माझ्यापुढे सारायची आणि म्हणायची, "तुझा खेळ झाला की हे निवड. हे पोटात जायचंय." सकाळी घमेलं, दुपारी ताट. कराडच्या कुणाकुणाचं काय काय चाललंय ते ऐकत मी बोटं फिरवत बसायची. टीव्हीवर तिची मालिका सुरू असायची, त्यामुळे दोघींचंही ताटाकडे लक्ष नसायचं.

अशाच एका दुपारी माझं बोट थांबलं. आधी बोट थांबलं, मग मी खाली बघितलं. तांदळात राखाडी खडा होता.

"आई, टोचलं."

"कुठे?"

"हे. मला टोचलं!"

आईने तो खडा चिमटीत धरून उजेडात नेला, पुढून मागून बघितला. "एवढा मोठा! दुकानदाराला सांगितलं पाहिजे," म्हणत ती आत गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. मी बाहेर एकटीच हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरात कुणाला खडा लागल्याचा एवढा आनंद कधीच झाला नसेल.

जे आधी येतं आणि जे शेवटी येतं

तुमच्यापैकी कुणाचे हात असे बधिर झाले असतील तर सांगते. माझ्या बाबतीत टोचणारं आधी परत आलं, मग कडक, मग खरबरीत. शिंपल्या कळल्या, काथ्या कळला. शिंगांवरून गाय ओळखली त्या दिवशी मंदार बाल्कनीतून पळत आला. मऊ आणि गरम हे सगळ्यात शेवटी आलं, आणि ते येणारच नाही असं मी धरून चालले होते. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. पण जेवढं परत येतं ते तोफा वाजवत येत नाही. मालिका चालू असताना येतं. घरच्यांवर चिडाल, ते चालतं, ते समजून घेतात. फक्त त्यांनाही कुणावर तरी चिडायला मोकळीक असू द्या. मंदार एके दिवशी खालच्या वॉचमनवर उगाचच ओरडून आला आणि मग त्याच्यासाठी चहा घेऊन गेला. तेव्हा मला कळलं की हा इतके दिवस कुठेच ओरडला नव्हता.

प्लेग्रुप पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा पहिलं घमेलं खाडीतल्या प्राण्यांचं करायचं असं सईने जाहीर केलं. निळा साबुदाणा, शिंपल्या, थोडी धुतलेली वाळू, खेकडे, मासे, आणि तिच्या हट्टासाठी गुलाबी फ्लेमिंगो. सगळं तिनेच ओतलं, निम्मं घरभर. मग माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि हुकूम सोडला, "आता ओळख. बघायचं नाही हं."

खेकडा लगेच कळला, त्याच्या नांग्यांनी. मासा कळला. फ्लेमिंगोचा पाय कळला. सई प्रत्येक वेळी "बरोब्बर" म्हणत होती, अगदी माझ्याच सुरात. मग माझ्या बोटांना साबुदाण्याच्या तळाशी काहीतरी लागलं. ते घमेल्यात घातलेल्यांपैकी नव्हतं.

"हा कुठला प्राणी?" आवाज फार जवळून आला. श्वास रोखून धरलेला.

मऊ होतं. गरम होतं. किंचित चिकट, मघाशी खाल्लेल्या चिकूचं असणार. मी घट्ट धरलं नाही. नुसती बोटं वरून फिरवत राहिले, एकेका पेरावरून, टोकापर्यंत. टोकाला धार लागली.

"सई, नखं किती वाढलीत गं तुझी!"

"बाबा कापताना दुखवतो."

"मी नाही दुखवत, ती हलते!" मंदार स्वयंपाकघरातून ओरडला.

"नेलकटर दे बघू," मी म्हणाले.

तो आला. कुकरची शिटी व्हायची होती, त्यामुळे घाईतच होता. नेलकटर त्याने माझ्या हातात ठेवलं आणि 'जपून' वगैरे काहीही न म्हणता तो परत गेला. मी ओढणी डोळ्यांवरून वर सरकवली. घमेल्यातला तो हात अजून माझ्या हातात होता आणि सईने तो काढून घेतला नव्हता. मी करंगळीपासून सुरुवात केली.